वकिलाच्या फीवरून वाजलं तर

भाऊ, फीवरून वाजलं म्हणून लगेच दावा लावायला धावू नका. ग्राहक कोर्टात तर जाऊच नका. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, असं सुप्रीम कोर्टानं मे 2024 मध्ये सांगितलंय.

आधी वही काढा. माझा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला वाटणीचा दावा होता, तेव्हा कोर्ट फी, टायपिंग, झेरॉक्स, तारखेचे पैसे सगळं तारीखवार लिहून ठेवलं होतं. वकीलसाहेबांसमोर वही उघडून एकेका ओळीवर बोट ठेवत गेलो, तेव्हा दोनदा धरलेली कोर्ट फी त्यांनाच दिसली. तिथल्या तिथं वजा केली. कानडी कागदावर मात्र जाणत्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, हे कळकळीनं सांगतो.

फाईल अडवली तरी घाबरू नका. फीसाठी अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा सुप्रीम कोर्टाचा 2000 सालचा निकाल आहे.

एवढ्यानं नाही मिटलं, तर बेळगावात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्या. दावा लावण्याआधीही लोकअदालतीत प्रकरण घेतात, कोर्ट फी लागत नाही. तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच, वर अपील नाही. तेव्हा सहीआधी आकडा दोनदा बघा.