फक्त प्रकाश वापरून वीज वाहणारा सच्छिद्र पॉलिमर बनतो का? एमएस्सी प्रोजेक्टसाठी हवंय

प्रकाशाने गोठणाऱ्या रेझिनमध्ये कार्बन ब्लॅक (वीज वाहणारी काजळीसारखी पूड) घालून यूव्हीखाली ठेवायचा बेत असेल तर आत्ताच सोडा. माझे सहा महिने त्यात गेलेत.

आमच्या गाइडचा हट्ट असा, की रेझिनमध्ये पाणी घोटून इमल्शन करायचं, कार्बनही त्यातच ढकलायचा आणि ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली एका दमात सच्छिद्र, वाहक तुकडा काढायचा. कागदावर झकास. काचपट्टीवर ओतलं, दहा मिनिटांत वरून टणक झालं, मी खूश. चिमट्याने उचलायला गेलो तर वरची साय तेवढी निघाली आणि खालचा काळा चिखल थेट एप्रनवर. अहो, काळा रंग प्रकाश गिळणारच, खाली पोचणार काय? तसं म्हटलं तर उत्तर आलं, "एक्स्पोजर वाढव." वाढवलं. अर्धा तास, मग तासभर. चिखल तो चिखलच.

सर दिवाळीत गावी गेले तेव्हा कार्बन न घालता करून पाहिलं. पाणी थेंबथेंब सोडत एकूण घनफळाच्या पाऊण हिश्शावर नेलं, मिश्रण श्रीखंडासारखं घट्ट झालं. पांढरं असलं तरी तेही प्रकाश विखुरतंच, म्हणून थर मिलिमीटरभर. रेझिन गोठलं, ॲसिटोनने धुऊन वाळवल्यावर पाण्याच्या जागी भोकं राहिली. मग फेरिक क्लोराइडमध्ये भिजवून रात्रभर डेसिकेटरमध्ये (झाकणबंद काचपात्रात) पायरोल या द्रवाच्या वाफेत; फेरिक क्लोराइडमुळे त्या वाफेचा भोकांच्या भिंतींवर वाहक पॉलिमर बनतो, तोच पॉलिपायरोल. सकाळी पांढरी चकती काळी कुळकुळीत, आणि मल्टिमीटरवर किलोओहममध्ये आकडा! रिपोर्टमध्ये हे शेवटच्या पानावर, 'पर्यायी प्रयत्न' म्हणून.

म्हणजे प्रकाशाने सांगाडा बनतो, वीज वाहतो तो पॉलिपायरोल. एकट्या प्रकाशानेच हवं असेल तर कॅप्टॉनची, म्हणजे पॉलिइमाइड या पॉलिमरची, शीट घ्या. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं, की सीओटू लेसर फिरवला की तिच्या पृष्ठभागाचं सच्छिद्र ग्राफीन (कार्बनचं वीज वाहणारं रूप) होतं, तेही उघड्या हवेत. ॲक्रिलिक कापणाऱ्यांकडे हाच लेसर असतो. फक्त तो भाग मग पॉलिमर राहत नाही, कार्बन होतो, व्हायवात अडवतील.

हो, पायरोल फ्यूम हूडमध्येच हाताळा, तपकिरी पडला असेल तर आधी डिस्टिल करा. लेसरखाली पीव्हीसी चुकूनही नको, हायड्रोजन क्लोराइड सुटतो. आणि तुमचेही गाइड "एक्स्पोजर वाढव" म्हणाले तर वाद घालू नका, काचपट्टी त्यांच्याच टेबलावर उलटी करा.