एसएन-वन, एसएन-टू डोक्यात शिरत नाही; केमिस्ट्री सोडू का?

पत्र : बारावी सायन्सला आहे. केमिस्ट्री आवडते, पुढे औषध कंपनीत संशोधन करायचंय. पण सब्स्टिट्यूशन रिअ‍ॅक्शन्स (रेणूतल्या एका गटाची जागा दुसरा घेतो त्या; एसएन-वन, एसएन-टू हे त्यांचेच प्रकार) आल्या की सगळ्याची खिचडी होते. क्लासचे सर म्हणतात, ऑरगॅनिक तुझ्या आवाक्यातलं नाही. लाइन बदलू का? – एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर : एका प्रकरणावरून लाइन बदलू नकोस. तू बहुधा रिअ‍ॅक्शन्सच्या याद्या पाठ करतेयस (क्लासच्या नोट्स तशाच असतात म्हणा). त्याऐवजी प्रत्येक वेळी विचार, कोण जातंय, कोण येतंय आणि आधी काय घडतंय?

टर्ट-ब्युटिल ब्रोमाइड घे. ब्रोमीनच्या कार्बनभोवती तीन मिथिल गट, मागून (ब्रोमीनच्या विरुद्ध बाजूने) शिरायला वावच नाही. म्हणून ब्रोमाइड आधी सुटतो, कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन) उरतो, मग पाणी जोडलं जातं. हा एसएन-वन, आणि पायऱ्या दोन! तो ‘वन’ पायऱ्यांचा नाही. वेग ठरवणाऱ्या पायरीत एकच रेणू असतो, त्याचा आहे. मुलं हमखास इथेच घसरतात. मिथिल ब्रोमाइडभोवती गर्दी नाही. हायड्रॉक्साइड मागून जोडला जात असतानाच ब्रोमाइड सुटतो, एकाच पायरीत दोन रेणू, म्हणून तो एसएन-टू.

सब्स्टिट्यूशनचे आणखी दोन प्रकार बघ. बेंझिनकडे इलेक्ट्रॉन भरपूर, त्यामुळे तिथे इलेक्ट्रॉन शोधणारा येतो, उदाहरणार्थ नायट्रेशनमधला नायट्रोनियम आयन. जातो तो हायड्रोजन. मिथेन-क्लोरीनची रिअ‍ॅक्शन मुक्त मूलकांची (जोडीविना एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणांची), तिला प्रकाश लागतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये मॅडमना एक प्रयोग दाखवायला सांग. दोन परीक्षानळ्यांत अल्कोहोलमधलं सिल्व्हर नायट्रेट, एकीत टर्ट-ब्युटिल ब्रोमाइडचे थेंब, दुसरीत एन-ब्युटिल ब्रोमाइडचे. सुटलेला ब्रोमाइड सिल्व्हरशी जोडला गेला की नळी गढूळ होते; म्हणून पहिली लगेच गढूळ होते, दुसरी रेंगाळते. एकदा पाहिलंस की पाठांतराची गरज उरणार नाही.

आता करिअर. पॅरा-अमिनोफिनॉलवर अ‍ॅसेटिक अनहायड्राइडची क्रिया करून पॅरासिटामॉल बनतं. अमिनो गटातल्या एका हायड्रोजनच्या जागी अ‍ॅसिटिल गट येतो. म्हणजे तू ज्याला घाबरतेस, तेच औषध कंपनीतलं रोजचं काम. मात्र नुसत्या बीएस्सीवर सहसा क्वालिटी कंट्रोल किंवा प्रॉडक्शनमध्ये सुरुवात होते. संशोधनासाठी ऑरगॅनिकमध्ये एमएस्सी धर. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पुढे पीएचडीसाठी पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) जवळच आहे. बी. फार्म हाही रस्ता आहे, त्यासाठी एमएचटी-सीईटी दे. पीसीबी किंवा पीसीएम दोन्ही चालतं.

परीक्षेआधी हॅलोआल्केन्सचं प्रकरण पुन्हा काढ आणि प्रत्येक रिअ‍ॅक्शनचे बाण (इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे) स्वतःच्या हाताने काढून बघ.