लिनक्सवर वायफाय फक्त राउटरजवळच चालतं, आतल्या खोलीत गेलं की तुटतं. काय करावं?

भाऊ, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता लिहिली आहे. जुना लॅपटॉप घेतला, त्यावर मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, ओसरीत राउटरपाशी नेट चालतं, माजघरात गेलं की वायफायचं नावच दिसत नाही, हे सगळं ठीक. पण ‘त्याच खाटेवर मोबाइलला पूर्ण रेंज आहे’ हे जे लिहिलंत, त्यानं अर्धं काम झालं. राउटर ठीक, भिंत ठीक, गावात आलेली लाइन ठीक. भानगड लॅपटॉपच्या आत आहे.

मोबाइल आधी पाहायचा, ही अक्कल मला उशिरा आली. दारव्हा तालुक्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, मशीन सगळी मिंटवर. एका उन्हाळ्यात दुकानातलं वायफाय अचानक मरायला लागलं. बाहेर पीक विम्याचे कागद घेऊन लोक बसलेले, दर पाच मिनिटांनी कोणीतरी विचारणार, ‘काहून जी, नेट चालून नाही राहिलं का?’ मी दोन दिवस कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलत बसलो. शेवटी कळलं की घरच्यांनी खिडकीत कूलर बसवला होता, आणि राउटर बरोबर त्या खिडकीच्या पलीकडे. पत्र्याचा डबा, आत पाण्याची टाकी, वरून ओल्या ताट्या. वायफायच्या लहरी अडवायला याहून चांगली भिंत मुद्दाम बांधूनही जमली नसती. मोबाइललाही तिथे रेंज नव्हती, पण मी तो खिशातून काढून पाहिलाच नाही.

तर तुमच्याकडे. ‘एलएसपीसीआय’ (आतली कार्डं दाखवणारा आदेश) चालवून तुम्ही वायफाय कार्डाचं नाव दिलंत, रिअलटेक आरटीएल८७२३बीई. हे नाव वाचलं आणि मला पुढचं दिसलं. या कार्डाला अँटेनाची वायर लावायला दोन टोकं असतात. काही लॅपटॉप बनवणाऱ्यांनी खर्च वाचवायला वायर एकच दिली, आणि ती कुठल्या टोकाला लावली हे ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला, नीट कळत नाही. तो रिकाम्या टोकावर कान लावून बसतो. राउटर हाताच्या अंतरावर असेल तर तेवढ्यावरही भागतं, खोली बदलली की संपलं. म्हणून तुम्ही तीनदा मिंट टाकलं तरी फरक पडला नाही. दर वेळी ड्रायव्हर तोच येतो, तीच चूक घेऊन.

आता उपाय. इथे आदेश देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये (आदेश द्यायची खिडकी) टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. आधी ‘एलएसपीसीआय -के’ चालवा आणि कार्डाच्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या ओळीत आरटीएल८७२३बीई हेच नाव आहे ना, ते बघा. नावाच्या शेवटी बीईऐवजी डीई असेल तर थांबा, ते कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा, पुढचं त्याला लागू नाही.

बीईच असेल तर माजघरातल्या त्याच खाटेवर बसून हे दोन आदेश एकामागून एक द्या (‘सुडो’ म्हणजे मालकाच्या हक्कानं चालवणं, पासवर्ड विचारेल):

सुडो मोडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई
सुडो मोडप्रोब आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२

पहिल्यानं ड्रायव्हर उतरतो, दुसऱ्यानं दुसरं टोक धरून परत चढतो. दहा-पंधरा सेकंद थांबा. नाव दिसायला लागलं तर झालं. नाही दिसलं तर तेच दोन आदेश परत, फक्त २ च्या जागी १. कुठला आकडा लागेल हे लॅपटॉपवर अवलंबून आहे, त्यामुळे दोन्ही करूनच पाहायचे.

नुसत्या डोळ्यांनी ‘बरं वाटतंय’ म्हणू नका, मोजा. जोडणी झाल्यावर ‘आयडब्ल्यू डेव्ह’ नं तुमच्या वायफायचं यंत्रणेतलं नाव कळेल, मग ‘आयडब्ल्यू डेव्ह’, ते नाव, ‘लिंक’. त्यात सिग्नल उणे आकड्यात येतो. -५० च्या आसपास म्हणजे उत्तम, -७० म्हणजे चालतंय, -८० च्या खाली गेलं की तुटणारच. राउटरपाशी आणि खाटेवर, दोन्हीकडचा आकडा लिहून ठेवा.

पण हे लॅपटॉप बंद केला की पुसलं जातं. कायम करायचं तर ‘/ईटीसी/मोडप्रोब.डी/’ या फोल्डरात आरटीएल८७२३बीई.कॉन्फ नावाची फाइल करा आणि त्यात एकच ओळ ठेवा: ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२’ (किंवा १, जो चालला तो). रेंज सुधारली पण मधूनच जोडणी गळत असेल तर ते वीज वाचवायच्या सोयीमुळे; त्याच ओळीच्या शेवटी ‘एफडब्ल्यूएलपीएस=० आयपीएस=०’ जोडा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, जुन्या लॅपटॉपची तशीही किती चालते.

अजून एक. हे कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. तुमच्या राउटरची दोन नावं येत असतील तर ५ गिगाहर्ट्झचं नाव या लॅपटॉपवर कधीच दिसणार नाही, मोबाइलवर दिसतंय म्हणून शोधत बसू नका.

लॅपटॉप उघडून वायर दुसऱ्या टोकाला लावणारेही आहेत. उपाय खरा आहे, पण ते टोक हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान असतं आणि एकदा वाकलं की बसत नाही, म्हणून मी तरी आधी ती एक ओळ लिहून पाहीन. १ आणि २ दोन्ही करूनही खाटेवरचा आकडा -८० च्या वर येत नसेल, तर दोन्ही जागचे आकडे आणि ‘एलएसपीसीआय -के’ चं उत्तर इथेच टाका, मग वायरीचं पाहू.