क्रॅश टेस्टच्या प्रयोगशाळेत जायचे असेल तर

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून तिने गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय ठेवले आहेत. तिने ‘नीट’ देऊन डॉक्टर व्हावे, अशी घरच्यांची इच्छा आहे. मात्र वर्षभरापासून ती गाड्यांच्या क्रॅश टेस्टचे व्हिडिओ पाहते, त्यातील डमींविषयी, म्हणजे माणसाच्या जागी बसवलेल्या बाहुल्यांविषयी, वाचते आणि हेच काम करायचे म्हणते. या संशोधनात मृतदेहही वापरतात, हे तिच्याकडून कळल्यापासून तिचे वडील अस्वस्थ आहेत. बाहुल्या आपटण्याच्या कामात खरोखर करिअर होते का? तिने काय शिकावे? – एक आई, चिपळूण

उत्तर : सप्रेम नमस्कार.

बाहेरून पाहणाऱ्याला हे काम बाहुल्या आपटण्याचेच वाटते, हे मी समजू शकतो. गाडी अडथळ्यावर आदळते तो सारा प्रकार सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात आटोपतो. त्याआधीची कित्येक दिवसांची तयारी आणि नंतरचे विश्लेषण हे मात्र मोजमापाचे काम असते, आणि मोजायची असते ती माणसाच्या शरीराला होऊ शकणारी इजा. गणित आणि जीवशास्त्र यांपैकी एकही विषय सोडावासा न वाटणाऱ्या मुलीला हे क्षेत्र खुणावते, याचे मला नवल वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांबरोबर मी एक चाचणी प्रयोगशाळा पाहिली. तेथे त्या दिवशी गाडी आदळायची नव्हती. डमीचे डोके तेवढे तपासायचे होते. समोरच्या धडकेसाठी जगभर वापरली जाणारी ‘हायब्रिड थ्री’ ही डमी जनरल मोटर्सने 1976 मध्ये तयार केली. तिचे डोके म्हणजे रबरासारखी कातडी चढवलेली अ‍ॅल्युमिनियमची कवटी असते. ते 376 मिलिमीटर उंचीवरून जाड पोलादी पाटावर सोडतात. आतील अ‍ॅक्सेलरोमीटरने, म्हणजे त्वरणमापकाने, नोंदवलेले कमाल त्वरण 225 ते 275 जी या मर्यादेत आले, तरच ते डोके वापरायला योग्य ठरते. एक ‘जी’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतके त्वरण. डमीच्या खोलीचे तापमानही 20.6 ते 22.2 अंश सेल्सिअस इतक्या अरुंद पट्ट्यात राखावे लागते, कारण तिच्या सहा पोलादी बरगड्यांवर चिकटवलेला कंप शोषणारा थर उष्णतेने मऊ पडतो आणि छाती किती दबली याचे उत्तर बदलते. तंत्रज्ञ तेच डोके पुन्हा पुन्हा सोडत होते. माझ्याबरोबरची बरीच मुले दहा मिनिटांत कंटाळली. दोघी जणी मात्र शेवटपर्यंत वहीत आकडे उतरवत राहिल्या. आपली कन्या यांपैकी कोणत्या गटात बसेल, याचा अंदाज तिच्या आवडत्या व्हिडिओंपेक्षा अशा प्रसंगातून अधिक येतो.

आता तिच्या वडिलांच्या अस्वस्थतेविषयी. डमी फक्त आकडा देते. त्या आकड्याला माणसाचे हाड मोडेल की नाही, हे ती सांगू शकत नाही. ते माणसाच्या शरीराकडूनच शिकावे लागते. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी डिसेंबर 1954 मध्ये स्वतः रॉकेटच्या घसरगाडीवर बसून 46 जीहून अधिक मंदन सोसले. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात लॉरेन्स पॅट्रिक यांनी स्वतःच्या शरीरावर धक्के घेतले. परंतु जिवंत माणसावर इजा होईपर्यंत प्रयोग करता येत नाहीत, म्हणून त्याच विद्यापीठात देहदानातून मिळालेल्या देहांवर अभ्यास झाला, आणि डोक्याला किती त्वरण किती वेळ सोसते याचा पहिला विश्वासार्ह आलेख त्यातून मिळाला. आज सीटबेल्ट आणि एअरबॅग ज्या मर्यादा पाळून बनवतात, त्यांच्या मुळाशी हे देहदान आहे. वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवणाऱ्या देहाविषयी आपण जी कृतज्ञता बाळगतो तीच येथेही बाळगावी, असे त्यांना माझ्या वतीने अवश्य सांगावे.

मुलीसाठी एक छोटे गणित देतो, कारण या क्षेत्राचा गाभा त्यात आहे. डोक्याच्या इजेचा निकष काढताना सरासरी त्वरणाचा अडीचावा घात घेऊन त्याला सेकंदातील कालावधीने गुणतात. पंधरा मिलिसेकंदांपर्यंतच्या धक्क्यासाठी अमेरिकी नियमातील मर्यादा 700 आहे. साठ जी त्वरण पंधरा मिलिसेकंद टिकले, तर उत्तर सुमारे 418 येते. त्वरण केवळ एक तृतीयांशाने वाढून ऐंशी जी झाले, की तेच उत्तर सुमारे 859 होते. एअरबॅग थोडी उशिरा फुगणे किंवा सीटबेल्ट सैल असणे जिवावर का बेतते, हे या दोन आकड्यांतून कळते.

या क्षेत्रात करण्यासारखे खूप काम शिल्लक आहे, आणि हे मी मनापासून लिहितो. ‘हायब्रिड थ्री’ पुरुष डमी सुमारे 175 सेंटिमीटर उंच आणि 78 किलो वजनाची आहे. त्याच मालिकेतील स्त्री डमी सुमारे 150 सेंटिमीटर आणि 49 किलोची, म्हणजे अगदी लहान चणीची आहे. सरासरी बांध्याची स्त्री डमी स्वीडनमधील संशोधक अ‍ॅस्ट्रिड लिंडर यांच्या चमूने अलीकडे, 2022 मध्ये जगासमोर आणली. आपल्या देशात तर प्रश्न आणखी वेगळा आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली आणि त्यांतील सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरील होती. मोटारीत पट्टा बांधून बसलेल्या डमीकडून या माणसांविषयी फारसे काही कळत नाही.

नोकऱ्यांविषयी स्पष्टच लिहितो. प्रत्यक्ष गाडी आदळण्याच्या प्रयोगशाळा देशात मोजक्याच आहेत : पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट, चेन्नईजवळील जीएआरसी. 1 ऑक्टोबर 2023 पासून ‘भारत एनकॅप’ ही गाड्यांच्या सुरक्षिततेची तारांकन योजना लागू झाली. तिच्यात गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने, पुढच्या भागाच्या 40 टक्के रुंदीवर आदळवतात. चांगले तारांकन मिळवण्यासाठी कंपन्यांना डिझाइनच्या टप्प्यापासूनच सुरक्षिततेचे काम करावे लागते. यातील बहुतांश काम संगणकावर, धडकेचे अनुकरण करणाऱ्या एलएस-डायनासारख्या सॉफ्टवेअरमध्ये चालते आणि पुण्यात त्याच्या नोकऱ्या बऱ्यापैकी आहेत. निव्वळ इजेच्या संशोधनाच्या जागा मात्र थोड्या असतात आणि त्यांसाठी एम.टेक. किंवा पीएच.डी. करावीच लागते. दिल्लीच्या आयआयटीमध्ये दिवंगत प्राध्यापक दिनेश मोहन यांनी या अभ्यासाची भक्कम परंपरा उभी केली आहे. परदेशात मिशिगन, व्हर्जिनिया आणि स्वीडनचे चाल्मर्स ही नावे लक्षात ठेवावीत.

शिक्षणाबाबत माझे मत असे की पदवी मेकॅनिकलचीच घ्यावी. पहिल्याच टप्प्यावर ‘वाहन सुरक्षा’ असे आकर्षक नाव असलेल्या अरुंद अभ्यासक्रमाकडे जाऊ नये. स्थितिगतिशास्त्र, पदार्थांचे बल आणि कंपने हे विषय पक्के झाले, तर जैवयांत्रिकी, म्हणजे शरीरावरील बलांचा अभ्यास, पुढे शिकता येते. उलट क्रमाने ते फार कठीण जाते. इन्स्ट्रुमेंटेशनची पदवीही चालेल, विशेषतः तिला सेन्सर आणि नोंदींचे काम अधिक रुचत असेल तर. डॉक्टर होऊनही या क्षेत्राला हातभार लावता येतो, कारण अपघातग्रस्तांच्या जखमांची नेमकी नोंद अस्थिरोग किंवा न्यायवैद्यक विभागातूनच येते. परंतु ती वाट लांबची आहे, आणि डमीजवळ उभे राहण्यासाठी कोणी एमबीबीएस करावे असे मी सुचवणार नाही.

तूर्त एमएचटी-सीईटीचा अर्ज पीसीएम आणि पीसीबी या दोन्ही गटांसाठी भरावा, जेईई मेनचाही भरावा, आणि ‘नीट’ द्यायची की नाही हे तिचे तिला ठरवू द्यावे. परीक्षा संपल्यावर तिला एक प्रयोग करायला सांगावे. फोनमध्ये ‘फायफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप घेऊन, त्वरणाची नोंद चालू ठेवून तो एक फूट उंचीवरून आधी जाड उशीवर आणि मग गादीवर सोडावा. दुसऱ्या आलेखाचे शिखर कदाचित वरून कापल्यासारखे सपाट दिसेल. ते तसे का दिसले, आणि प्रयोगशाळेत सेकंदाला दहा हजार किंवा त्याहून अधिक नोंदी का घेतात, या दोन प्रश्नांची उत्तरे तिने स्वतः शोधून, आलेखांसह मला लिहून पाठवावीत. ती वाचून पुढील महाविद्यालयांच्या निवडीविषयी मी सविस्तर लिहीन.