गेम खेळत नाही, कॉल जास्त आणि मुलांचे फोटो काढायचे, तर कुठला स्मार्टफोन घेऊ?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर कॉल आणि व्हॉट्सॲप, रात्री थोडं यूट्यूब, लहान मुलांचे फोटो, गेम अजिबात नाही, तर रॅम किती आणि कॅमेरा किती मेगापिक्सेलचा बघू. माझं ऐकाल तर नव्या फोनचे व्हिडिओ बघणं दोन दिवस थांबवा आणि आत्ता हातात आहे त्या फोनचं सेटिंग उघडा. बॅटरीत कुठलं ॲप किती खातंय, स्टोरेजमध्ये जागा कशाने भरलीय आणि स्क्रीन टाइममध्ये दिवसाचे तास कशात जातायत, एवढं बघा. रिव्ह्यूवाल्याला तुमचा दिवस कसा जातो ते माहीत नसतं, तुमच्या जुन्या फोनला सगळं माहीत असतं.

मी हे न करता फोन घेतला होता म्हणून एवढं कळकळीने सांगतेय. 108 मेगापिक्सेल वाचलं आणि घेतला. घरी आल्यावर कळलं की गॅलरीत फोटो 12 मेगापिक्सेलचाच पडतोय, कारण असे कॅमेरे शेजारचे 9 पिक्सेल एकत्र करून 1 बनवतात, 50 वाला 4 चे 1 करतो आणि साधारण साडेबाराचा फोटो देतो. यात फसवणूक नाही, कमी उजेडात त्याचा उपयोगच होतो, पण मग मोठा आकडा बघून उड्या मारण्यात अर्थ काय? तुमच्या कामाचं म्हणजे सेन्सरचा, म्हणजे लेन्समागच्या उजेड टिपणाऱ्या चिपचा आकार, तो मोठा असेल तर उजेड जास्त गोळा होतो, शटर पटकन बंद होऊ शकतं आणि घरातल्या ट्यूबलाइटमध्ये पळणारं पोर कमी धूसर येतं. ओआयएस म्हणजे फोटो स्थिर ठेवणारी सोय असते, ती आपला हात हलला तर सांभाळून घेतं, समोरचं पोर हललं तर तिचा काही उपयोग नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही. आणि 2 मेगापिक्सेलचा मॅक्रो म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा कॅमेरा वगैरे असतो तो कॅमेऱ्यांची संख्या वाढवायला दिलेला असतो, तो मोजूच नका.

माझ्या त्याच फोनचे अपडेट दोन वर्षांत बंद झाले. फोन ठणठणीत होता, पण पुढे एक दिवस बँकेचं ॲप म्हणालं की तुमचं अँड्रॉइड व्हर्जन आता चालणार नाही. तेव्हापासून मी सगळ्यात आधी अपडेट किती वर्षं मिळणार ते बघते. गूगलने 2023 मध्ये पिक्सेल 8 ला आणि सॅमसंगने 2024 मध्ये गॅलेक्सी एस 24 ला 7 वर्षांचं वचन दिलं, स्वस्तातल्या फोनला बरंच कमी मिळतं, कंपनीच्या साइटवर मॉडेलचं नाव टाकून बघा. फक्त ही वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही, म्हणजे दीड वर्ष जुनं मॉडेल ऑफरमध्ये घेतलं तर दीड वर्ष आधीच संपलेलं असतं.

रॅम 8 जीबी घ्या, तुमच्या वापराला भरपूर झाली. 8+8 लिहिलेलं असतं त्यातली दुसरी 8 म्हणजे स्टोरेजमधलीच जागा उसनी घेतलेली, खऱ्या रॅमइतकी वेगवान नसते. स्टोरेज मात्र आखडून घेऊ नका, मुलांचे व्हिडिओ असतात, 128 मधली काही जागा सिस्टमच खाते, मेमरी कार्डाची सोय नसेल तर सरळ 256.

कॉल जास्त म्हणताय तर बॅटरीपेक्षाही आधी तुमच्या घरात नि कामाच्या जागी रेंज कशी आहे ते बघा, रेंज कमी असली की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावतो आणि 5000 एमएएचची बॅटरीसुद्धा संध्याकाळपर्यंत झोपते. तिथे वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून कॉल लागायची सोय असेल तर खूप फरक पडतो. बॅटरी पुढे बदलून मिळते का तेही विचारून ठेवा, कारण काहीशे चार्जिंगनंतर तिची ताकद उतरतेच, ती कुठल्याही कंपनीची असो. 120 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र बदलणारा स्क्रीन असला तर छान, नसला तरी तुमचं काही अडणार नाही.

आणि हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका प्लीज. आईला मी मोठा स्क्रीन बरा म्हणून सव्वादोनशे ग्रॅमचा फोन दिला, कव्हर घालून तो आणखी जड झाला, आणि ती फोनवर बोलताना दर दोन मिनिटांनी हात बदलायची, मला कितीतरी महिने लक्षातच आलं नाही. पुढच्या वेळी तिलाच सोबत नेलं. तिने एका हातात धरून अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन बघितला, "हा पोचतोय" म्हणाली, तोच घेतला.