मुद्राचित्रं बघताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुद्राचित्रांच्या प्रदर्शनात चित्राखाली पेन्सिलीने ‘७/२५’ लिहिलं होतं. पंचवीस प्रती असताना ते मूळ चित्र कसं? आणि साध्या छपाईपासून ते वेगळं कसं ओळखायचं? – एक वाचक, सांगली

उत्तर: एडिशन, म्हणजे चित्रकाराने ठरवलेली एकूण प्रतींची संख्या, २५ ची आणि तुम्ही पाहिलेली प्रत ७ क्रमांकाची. चित्र आधी रंगवून मग त्याच्या प्रती काढलेल्या नसतात. चित्रकार थेट पत्र्यावर, लाकडावर किंवा दगडावर काम करतो आणि कागदावर उमटल्यावरच चित्र पुरं होतं. म्हणून प्रत्येक प्रत मूळच. ७ म्हणजे सातवी छापलेली असंही नाही, वाळवताना कागद मागेपुढे होतात. ड्रायपॉइंटमध्ये मात्र सुरुवातीच्या प्रती सरस. सुईने पत्रा ओरखडला की रेघेच्या कडेला धातूची बारीक कोर उठते. ती शाई धरते आणि रेघ मखमली उमटते. प्रेसच्या दाबाने ही कोर लवकर झिजते.

ओळखायचं तर बाजूला सरकून चित्र तिरप्या उजेडात बघा. एचिंगमध्ये, म्हणजे पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून केलेल्या चित्रात, शाई खाचेत असते आणि ओलसर कागद दाबाने त्या खाचेत शिरतो. त्यामुळे रेघ किंचित उठून येते, आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडांचा दबलेला चौकोन दिसतो. पण नुसत्या चौकोनावर विसंबू नका, तो नंतरही दाबून उठवता येतो. वुडकटमध्ये (कोरलेल्या लाकडी ठशाच्या चित्रात) याच्या उलट: शाईचा भाग कागदात दबतो आणि त्याच्या कडेला शाई गडद साचते. लिथोग्राफ, म्हणजे दगडावर खडूने काढून छापलेलं चित्र, सपाट असतो, तिथे दहापट भिंग हवंच. खडूचे वेडेवाकडे रवे दिसले तर लिथो, ठिपक्यांची शिस्तशीर जाळी दिसली तर ऑफसेट, म्हणजे साधी यंत्रावरची छपाई.

घरातल्या जुन्या रविवर्मा प्रेसच्या चित्रांवर असा क्रमांक शोधू नका. तीही दगडावरूनच छापली, पण बाजारात विकायला, मोठ्या संख्येने.

प्रश्न: हाताने बांधलेली पुस्तकं चाळताना हातमोजे घालावेत का?

उत्तर: परवानगी असेल तरच हात लावा, आणि तेही धुऊन पूर्ण कोरडे केलेले. क्रीम नको. सुती मोज्यांतून बोटांना कागद कळत नाही, पानाचा कोपरा फाटतो. घडीचं (पंख्यासारख्या घड्यांचं) पुस्तक हातात धरून उघडलं तर वजनाने सगळं एकदम सुटतं आणि घड्या उलट्या मोडतात. ते टेबलावर ठेवून एकेक घडी उलगडा. कॉप्टिक शिवणीचं (कण्यावर साखळीसारखे टाके उघडे दिसतात ते) पुस्तक आपोआप सपाट उघडतं. बाकीच्या बांधणीत कणा दाबून पान सपाट करू नका, शिवण ताणली जाते. कण्याजवळ पानं लाटांसारखी फुगलेली दिसली, तर बहुधा कागदाचे तंतू कण्याला समांतर न ठेवता आडवे बांधले गेलेत.