‘सर्किट कुणी करून दिलं?’

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. शेतातला पंप घरून चालू-बंद करणारं वायरलेस यंत्र मी बनवलं. शेजारच्या रिमोटशी गल्लत होऊ नये म्हणून ते सतत चॅनल बदलतं. प्रदर्शनात परीक्षक म्हणाले, “दिसतेस छान, बोलतेसही छान. सर्किट कुणी करून दिलं? भावानं?” मी एकांकिकांत काम करते. नाटक सोडून साधी राहू लागले, तर लोक माझं काम बघतील का? मला ई अँड टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन अभियांत्रिकीला) जायचंय.

उत्तर : तुझं पत्र वाचून मला राग आला, परीक्षकांचा. नाटक मात्र सोडू नकोस.

तू वापरलेल्या युक्तीच्या इतिहासात एक नटीच आहे. हेडी लामार, जन्म व्हिएन्नातला, १९१४ चा. हॉलिवूडनं तिला ‘जगातली सर्वांत सुंदर स्त्री’ म्हणून मिरवलं. दिवसा चित्रीकरण करून ही बाई घरी टेबलावर आराखडे काढत बसायची. दुसऱ्या महायुद्धात प्रश्न असा होता की, रेडिओनं चालवलेल्या टॉर्पेडोची, म्हणजे पाण्याखालून जहाजावर सोडायच्या अस्त्राची, फ्रिक्वेन्सी शत्रूला सापडली की तो तिच्यावर गोंगाट करून टॉर्पेडो भरकटवणार. संगीतकार जॉर्ज अँथाइलबरोबर तिनं उपाय काढला : जहाज आणि टॉर्पेडो, दोघांनी एकाच वेळी फ्रिक्वेन्सी बदलत राहायचं. मेळ राखायला आपोआप वाजणाऱ्या पियानोत असतात तशा भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या, आणि फ्रिक्वेन्सी ८८, पियानोच्या स्वरपट्ट्यांइतक्या. ११ ऑगस्ट १९४२ ला पेटंट मिळालं. अमेरिकी नौदलानं ते तेव्हा वापरलं नाही. तिच्याकडून देशाला हवे होते ते तिच्या चेहऱ्यावर खपणारे युद्धरोखे, आणि तेही तिनं जोमानं विकले. १९५९ मध्ये पेटंटची मुदत संपली, हाती पैसा आला नाही. जाहीर सन्मान झाला तो १९९७ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी.

अशीच फ्रिक्वेन्सी बदलत चालणारं ब्लूटूथ तिनं शोधलं असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नकोस. फ्रिक्वेन्सी बदलण्याची कल्पना तिच्याआधीही काहींना सुचली होती, आणि ब्लूटूथ पुढच्या अभियंत्यांनी घडवलं. पण त्या कल्पनेतून चालू शकेल असं यंत्र तिनं आणि अँथाइलनं कागदावर उतरवलं. सर्किटचा भाग पक्का करायला कॅलटेक या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठाच्या एका प्राध्यापकांची मदत झाली. ती मदत तुला स्वतःच्या शिक्षणातून मिळवता येईल, म्हणून ई अँड टीसीचा तुझा निर्णय मला पटतो. गणित मात्र जीव लावून कर. दुसऱ्या वर्षापासून सिग्नलचे सगळे विषय त्यावरच उभे असतात.

आणखी एक. पेटंटवर तिचं नाव आहे हेडी कीसलर मार्की. कीसलर माहेरचं, मार्की दुसऱ्या नवऱ्याचं, आणि पेटंट हाती आलं तोवर त्याच्याशी घटस्फोटही झाला होता. ज्या नावानं जग तिला ओळखत होतं, ते त्या कागदावर नाहीच. म्हणून दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव आहे तेच प्रकल्प, प्रमाणपत्र, अर्ज, सगळीकडे लाव. पुढे लग्न झालं तरी.

आजपासून प्रयोगवही ठेव. तारीख, सर्किटची आकृती, फसलेले प्रयत्नसुद्धा, आणि खाली तुमच्या सरांची किंवा मॅडमची सही. प्रदर्शनात मांडलेली गोष्ट पेटंटसाठी सहसा ‘नवी’ धरत नाहीत. हे मॉडेल तू दाखवून झालीस, पण पुढची सुधारणा कुणाला दाखवण्याआधी पेटंटच्या तात्पुरत्या (प्रोव्हिजनल) अर्जाची चौकशी कर. तो केला की पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. पेटंट कार्यालय मुंबईत आहे.

आणि ‘कुणी करून दिलं?’ असं पुन्हा कुणी विचारलं, तर डबा उघड, एक वायर काढ आणि त्यांच्यासमोर परत जोडून दाखव.

सीईटीच्या आधीचे दोन महिने तालमींना सुट्टी दे, ती फक्त अभ्यासासाठी. तुझ्या यंत्रात चॅनल किती आणि दोन्ही टोकांचा मेळ कसा राखलास, ते पत्रात लिहिलं नाहीस. सविस्तर कळव.